पद्मिनीचं पाणी

जुन्या गाडीचा इतिहास लोक इंजिनापासून सांगतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात गॅरेज चालवण्यात माझी हयात गेली, म्हणून मी तो पाण्यापासून सांगतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली आणि १९७४ पासून तिलाच प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. याच कंपनीचा दुसरा कारखाना आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात तिथे प्युजो ३०९ तयार झाली. आज त्या जागेवर टॉवर आहेत.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्याचा पंखा आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. गाडी कोंडीत उभी राहिली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद आणि पाण्याची चालही मंद. कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे दुसऱ्या गियरवर चढताना तर इंजिनावर ताण जास्त आणि समोरून वारा नाही. म्हणून मे महिन्यात नाशिकला निघालेल्या प्रत्येक गाडीच्या डिकीत पाण्याचा कॅन असायचा.

पण घाटात उकळणाऱ्या गाडीचा आजार बहुतेक वेळा घरीच सुरू झालेला असायचा. बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत खर धरते, आणि कूलंट नसेल तर गंजाचा लाल गाळ त्यात भर घालतो. आमचे उस्ताद आधी इंजिन गार होऊ देत, मगच झाकण उघडत. कुकरसारखंच ते: दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की मात्र एकदम उसळतं.

मग ते होज पाईप बोटांत दाबून बघत. चांगला पाईप दाबला की परत फुगतो. आतून कुजलेला लिबलिबीत लागतो, वाळलेला करकरतो, आणि तेल लागलेला क्लिपेजवळ सुजतो. खालचा पाईप पंपाच्या ओढीने आत चिमटतो, म्हणून तो सोडून फक्त वरचा बदललेला त्यांना चालत नसे. जुना पाईप ते ओढून काढत नसत. ब्लेडने उभा चिरून सोलत, कारण रेडिएटरचं नाक पितळेचं, डाख दिलेलं, जोर लावला की वाकतं. नवा चढवताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी. नाकाच्या फुगीर कडेच्या मागे क्लिप बसली पाहिजे. पाणी भरून, झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायची. थर्मोस्टॅट उघडून हवेचे बुडबुडे निघून गेले की पुन्हा पाणी भरायचं आणि क्लिपा पुन्हा आवळायच्या.

यातून एक वेगळा धंदा उभा राहिला, रेडिएटरवाल्यांचा. तोंडं बंद करून, आत हवा सोडून रेडिएटर हौदात बुडवायचा. बुडबुडे येतील तिथे डाख द्यायचा. टाकी उघडून एकेका नळीत सळई घालून खर काढायची. तांब्या-पितळेचा रेडिएटर असा पुन्हापुन्हा दुरुस्त होत असे. पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेले रेडिएटर आले. त्यांना डाख धरत नाही. फुटला की सरळ नवा टाकायचा. हौद असलेली दुकानं म्हणूनच कमी झाली.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. त्या दिवसांत सगळ्यांनी गाडीचं कौतुक केलं. ते योग्यच होतं, पण ती इतकी वर्षं टिकली ती डाख देणाऱ्या आणि पाईप चाचपणाऱ्या हातांमुळे, हेही इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे. ज्यांच्या दारात आजही पद्मिनी उभी आहे, त्यांनी उन्हाळ्याआधी दोन्ही होज आणि पट्टा बदलावा, कूलंट भरावं, आणि रेडिएटर गळू लागला तर फेकण्याआधी डाख देणारा शोधावा. त्याला काम मिळालं तरच पुढचा पोरगा हे शिकेल.