जरब आणि व्यसन : अनिवार्य शिक्षेच्या दोन कायद्यांचा इतिहास

शिक्षा जितकी कठोर तितकी जरब मोठी, या गृहीतकाची कसोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क राज्यात लागली. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने एक औंस हेरॉइन विकणाऱ्यास किमान पंधरा वर्षांपासून आजन्मापर्यंतचा कारावास अनिवार्य केला. न्यूयॉर्क शहरातील वकिलांच्या संघटनेच्या सहभागाने पुढे या कायद्याचे मूल्यमापन झाले. १९७६ च्या मध्यासही हेरॉइनचा वापर १९७३ इतकाच व्यापक असल्याचे त्यात आढळले. शिक्षेची तीव्रता वाढली, पण ती होण्याची शाश्वती वाढली नाही. गुन्हा कबूल करून सौम्य शिक्षा मिळविण्याची वाट अरुंद झाल्याने आरोपी संपूर्ण सुनावणीची मागणी करू लागले आणि खटले रेंगाळले. २००४ व २००९ च्या सुधारणांनी त्यातील बहुतांश अनिवार्यता दूर केली.

भारताने हीच वाट १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने धरली. अफू, हेरॉइन इत्यादींबाबतच्या बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांचा कारावास ठरला. स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्यास सवलत होती; मात्र हेतू सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच होता. १९८९ मध्ये जामीन दुर्मीळ झाला आणि काही पुनरावृत्त गुन्ह्यांस अनिवार्य मृत्युदंड आला. २००१ मध्ये शिक्षा पदार्थाच्या प्रमाणाशी जोडली गेली. व्यसनी आणि व्यापारी यांना एकाच मापाने मोजल्याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृत्युदंडाची अनिवार्यता नाकारली. २०१४ मध्ये संसदेने ती कायद्यातूनच काढली.

परिणामाचे मोजमाप मात्र सोपे नाही. २००४ मध्ये प्रकाशित राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांचे सेवन ०.७ टक्के पुरुषांत आढळले होते. २०१९ च्या अहवालाने हे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे २.१ टक्के नोंदविले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने ही वाढ जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तरीही पूर्वी अफूचे सेवन अधिक होते आणि नंतर हेरॉइनने तिला मागे टाकले, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. कायद्याने हा बदल घडविला असे सिद्ध होत नाही. त्याने तो रोखला नाही, एवढे निश्चित.

दोन्ही इतिहासांत एक साम्य दिसते. जरबेची कल्पना नफा-तोटा मोजणाऱ्या माणसाला गृहीत धरते, तर व्यसन हे मोजमापच मोडते. त्यामुळे किमान शिक्षेचा भार बहुधा त्याच्यावर पडतो, ज्याला परावृत्त करण्याची तिची क्षमता सर्वांत कमी असते.