मधुमेह, दृष्टिपटल आणि रंगबोध : एका संबंधाचा इतिहास

‘मधुमेह’ या संज्ञेचा उगम मूत्राच्या गोडीत आहे. रुग्णाच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात, हे प्रमेहाचे पूर्वलक्षण चरकसंहितेत नोंदविलेले आढळते. ग्रीक ‘डायाबेटिस’ या शब्दात वाहून जाण्याचा भाव असून अरबीच्या वाटेने तोच उर्दूत ‘ज़ियाबेतुस’ झाला. यांपैकी कोणत्याही नावात डोळ्याला स्थान नाही.

‘रेटिना’ हा शब्दही असाच प्रवासी होय. गेलेनने वापरलेल्या जाळीवाचक ग्रीक शब्दाचे अरबीत ‘शबकिया’ झाले व त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘रेटिना’ आला. मराठी परिभाषेने ‘दृष्टिपटल’ स्वीकारले. बोलीत मात्र फारसीतून आलेला ‘पडदा’च राहिला. मीरा-भाईंदरमधील नया नगरसारख्या बहुभाषिक वस्तीत ‘शुगर’ आणि ‘पडदा’ हे दोन्ही शब्द सहज समजतात. परंतु त्यांतील संबंध शब्दांवरून उमगत नाही.

शास्त्रालाही तो उशिराच उमगला. 1851 साली हेल्महोल्ट्झने नेत्रांतर्दर्शक प्रसिद्ध केला, तेव्हा जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथम नीट पाहता येऊ लागले. त्याच दशकात व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील डाग व रक्तस्राव वर्णिले. हा संबंध पुढे दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. 1922 साली इन्सुलिनचा उपचार सुरू झाला. त्यामुळे रुग्णांचे आयुष्य वाढले आणि वर्षानुवर्षे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना होणारी इजा मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आली.

रंगबोधाचा धागा निराळा आहे. दृष्टिपटलातील तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी निळ्या प्रकाशास संवेदनशील असलेल्या पेशी संख्येने सर्वांत थोड्या. दृष्टिपटलाच्या विकारांत बहुधा निळ्या-पिवळ्यातील भेद प्रथम मंदावतो, असा नियम क्योल्नरने 1912 च्या सुमारास मांडला. मधुमेहातही हाच क्रम आढळतो. काही रुग्णांत तर रक्तवाहिन्यांतील बिघाड दिसण्यापूर्वीच. यावरून केवळ रक्तवाहिन्याच नव्हे, तर चेतापेशीही आरंभापासून बाधित होतात, असे आज मानले जाते.

रुग्णाला मात्र ही हानी क्वचितच जाणवते. अक्षरे स्वच्छ वाचता येतात, म्हणून डोळा निरोगी आहे असे तो समजतो. उलट, लेसर किरणांच्या वेळीच केलेल्या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील 1976 सालच्या अभ्यासाने सिद्ध केले. म्हणूनच तक्रार नसतानाही वर्षातून एकदा पडद्याची तपासणी आवश्यक ठरते. ‘शुगर’ आणि ‘पडदा’ या शब्दांना भाषेने जोडले नाही; ते काम लोकशिक्षणालाच करावे लागेल.