माघ-फाल्गुनातील परसबाग : मे महिन्याचे पाणी पाहून वाफा आखा

वडनेर भोलजी (ता. नांदुरा) परिसरात जानेवारी सरताना पहाटेचा गारवा उतरू लागतो. आंबा मोहरतो, शेवगा फुलतो आणि घरामागचा मेथी-पालकाचा वाफा संपत येतो. उन्हाळी परसबाग लावण्याची हीच वेळ. या दिवसांत विहिरीला पाणी असते, म्हणून हौसेने मोठी जागा खणली जाते. मग एप्रिलमध्ये वेली फळांवर असतानाच पाणी कमी पडते आणि बाग करपते. हे टाळायचे तर वाफ्याचा आकार आजच्या पाण्यावर ठरवू नये, मे महिन्याच्या पाण्यावर ठरवावा.

वाफा किती मोठा?

1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. अंदाजासाठी भाजीची रोजची गरज फेब्रुवारीत 4 ते 5 मिमी आणि मे महिन्यात 8 ते 10 मिमी धरावी. म्हणजे 10 चौरस मीटर वाफ्याला आज 40 ते 50 लिटर पाणी पुरते, पण मे महिन्यात 80 ते 100 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या सहा-सात बादल्या लागतात. घरखर्च भागवून तीनच बादल्या उरणार असतील, तर 5 चौरस मीटरवर थांबावे. धान्य व भाज्या धुतलेले पाणी आळ्यात वळवावे.

पाणी खारे असल्यास

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. पाणी दिल्यावर मातीवर पांढरा थर येत असेल, तर आधी माती व पाण्याची तपासणी करून घ्यावी. अहवालाशिवाय जिप्सम टाकू नये. पालक आणि गवार तुलनेने खार सोसतात. घेवडा आणि गाजर सोसत नाहीत.

पेरणी

- रात्रीचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या वर स्थिरावल्यावर भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले लावावे. थंड मातीत बी कुजते.
- भेंडीचे बी 12 तास, दोडका व कारल्याचे 24 तास पाण्यात भिजवून लावावे.
- भेंडी 30 × 15 सेंमी अंतरावर लावावी. वेलींसाठी आळी करून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.
- फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावलेली भेंडी व काकडी साधारण 45 ते 50 दिवसांत, म्हणजे गुढीपाडव्याच्या आसपास तोडणीला येते.

मांडव आणि आच्छादन

मांडवासाठी तुराट्या वापराव्यात. पऱ्हाटी घराजवळ साठवू नये. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. काळी माती तापली की भेगाळते आणि ओल उडते. म्हणून रोपे वीतभर झाली की सोयाबीनचे कुटार किंवा गव्हांडा दोन-तीन बोटे जाड पसरावा. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे, बुंध्याशीच द्यावे. वेलीच्या सावलीत थोडी कोथिंबीर एप्रिलमध्येही घेता येते.

फुले आणि किडी

हिवाळी कोथिंबिरीची चार-पाच झाडे न उपटता फुलू द्यावीत. मधमाश्या परसात येऊ लागतात आणि घरचे धणेही मिळतात. वेलींना आधी नरफुले येतात व गळतात. घाबरून फवारणी करू नये. मादीफुलामागे इवले फळ दिसते. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. मधमाश्या कमी दिसल्यास त्या वेळी नरफूल मादीफुलावर हलके टेकवावे.

तांबडे भुंगेरे कोवळी पाने खातात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून नष्ट करावेत. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची दिसल्यास झाड उपटावे. हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. वेलींवर उन्हात गंधक फवारू नये, पाने करपतात. निंबोळी अर्कासाठी 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवावी, गाळून संध्याकाळी फवारावी.

एक छोटी नोंद

पहिली काकडी कोणत्या दिवशी तोडली आणि मे महिन्यात रोज किती बादल्या देता आल्या, एवढे दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. पुढच्या माघात वाफा किती खणायचा, हे त्यावरून ठरवता येईल. माती-पाण्याच्या अहवालावरील सल्ल्यासाठी जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.