पोर्ट फॉरवर्डिंग : घरच्या राउटरमागची तीन दशके

बाहेरून आलेली जोडणी घरातल्या नेमक्या यंत्राकडे वळवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपची जोडणी बहुधा एका संगणकापुरतीच असे. वळवण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रॉडबँड आणि राउटर आल्यावर घरातली सारी यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे गेली. त्यामागचे ‘नॅट’ तंत्र १९९४ मध्ये मांडले गेले होते. त्यामुळे पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्यात दुकानातला कॅमेरा बाहेरगावाहून थेट पाहायचा, तर राउटरमध्ये पोर्टचा नियम घालणे भाग पडते.

एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागातला आयपीव्ही४ पत्त्यांचा साठा संपत आला. मग इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवू लागल्या. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही मालिका राखून ठेवण्यात आली. राउटरच्या वॅन रकान्यात यांपैकी पत्ता दिसला, तर घरातला नियम बिनचूक असूनही पोर्ट उघडत नाही. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता किंवा आयपीव्ही६ घ्यावे लागते. पत्ता सार्वजनिक असेल, तर कॅमेऱ्याचा अंतर्गत पत्ता कायम करावा, फायरवॉल पाहावी आणि चाचणी त्याच राउटरच्या वायफायऐवजी मोबाइल डेटावरून घ्यावी.