रेनडिअरच्या रोमंथिकेतील सूक्ष्मजंतू : एका अभ्यासाचा इतिहास

रवंथ करणारा प्राणी गवत पचवितो, हे विधान रूढ असले तरी काटेकोर नव्हे. वनस्पतींतील सेल्युलोजचे विघटन करणारे विकर त्याचे स्वतःचे शरीर निर्माण करीत नाही. ते कार्य जठराच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रोमंथिकेत, वसणारे सूक्ष्मजंतू करतात आणि त्यांनी निर्माण केलेल्या मेदाम्लांवर प्राण्याचे पोषण होते. ज्या प्रदेशात वर्षाचा बराच काळ चारा बर्फाखाली असतो, तेथे या सहजीवनाचे स्वरूप काय असते, हा प्रश्न शास्त्रापुढे बऱ्याच उशिरा आला.

या अभ्यासाचा आरंभ १८४३ साली पॅरिस येथे झाला. ग्रूबी व दलाफाँ यांनी पाळीव जनावरांच्या जठरातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यातील प्रजीवांची नोंद केली. परंतु जीव दिसला म्हणजे त्याचे कार्य कळले, असे होत नाही. त्यासाठी त्याची शुद्ध पैदास करावी लागते, आणि रोमंथिकेतील बहुसंख्य जंतू तर प्राणवायूच्या सान्निध्यात तग धरीत नाहीत. ही अडचण अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी दूर केली. प्राणवायुरहित नळीच्या आतील बाजूस आगरचा पातळ थर देऊन त्यात जंतू वाढविण्याची त्यांची पद्धती १९५० पासून सर्वमान्य होत गेली. रोमंथिकेतील जंतूंवरील त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि या काळातील ज्ञान मुख्यतः गाय व मेंढी यांच्यावर आधारलेले होते.

उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड द्वीपसमूहात रेनडिअरची एक स्वतंत्र उपजाती आढळते. शिकारीमुळे नष्टप्राय झालेल्या या प्राण्यास १९२५ मध्ये संरक्षण मिळाले. त्याच्या रोमंथिकेतील जंतूंची उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील तुलना ऑर्पिन, मॅथिसेन व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. दर मिलिलिटरमध्ये उन्हाळ्यात सरासरी सुमारे २,०९० कोटी जंतू वाढविता आले. हिवाळ्यात ही संख्या ३६० कोटींवर, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांवर आली. याच वेळी तंतुमय अन्न पचविणाऱ्या जंतूंचे प्रमाण मात्र ३१ वरून ७४ टक्के झाले.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. प्रमाण वाढले म्हणजे संख्या वाढली, असे नव्हे. गुणाकार करून पाहिल्यास तंतुपाचक जंतू उन्हाळ्यात सुमारे ६५० कोटी व हिवाळ्यात सुमारे २७० कोटी येतात. एकूण जंतू सहाव्या हिश्श्यावर आले असता तंतुपाचक जंतू दोन-पंचमांशांपर्यंत टिकून राहिले, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. परंतु तोच महत्त्वाचा आहे. सुकलेल्या, काष्ठमय चाऱ्यावर जगताना ज्यांची गरज सर्वाधिक, त्यांची हानी तुलनेने कमी झाली.

पुढील टप्पा मुख्य भूमीवरील रेनडिअरचा. हा प्राणी हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर शैवाक खातो. आपल्याकडील मसाल्यातील दगडफूल हेही शैवाकच होय. अनेक शैवाकांत अस्निक अम्ल हे जंतुनाशक द्रव्य असते. २००८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी या अम्लास दाद न देणारा एक जंतू रेनडिअरच्या रोमंथिकेतून वेगळा केला. अम्ल सहन करणे व त्याचे विघटन करणे या दोन भिन्न गोष्टी होत. पण शैवाक खाल्लेल्या प्राण्यांच्या रोमंथिकेत ते अम्ल सापडत नाही, असे २०१० मध्ये दाखविण्यात आल्यावर विघटनाच्या तर्कास बळकटी आली.

या इतिहासाचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. हिवाळ्यात पाऊस पडून तो गोठला की चाऱ्यावर बर्फाचे कठीण कवच बसते. स्वालबार्डमध्ये २०१९ साली सुमारे दोनशे रेनडिअर उपासमारीने मृत आढळले, तेव्हा त्याचे कारण असेच मानले गेले. उपासमार होताच जंतूही झपाट्याने घटतात, हे पाडसांवरील प्रयोगांनी १९९५ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणून उपाशी कळपापुढे उशिरा टाकलेला चारा त्यास तारीलच, असे म्हणता येत नाही. पोट भरण्यापूर्वी पोटातील जंतुसृष्टी जिवंत असावी लागते. कळपाला साहाय्य केव्हा व कोणत्या चाऱ्याने करावे, याचा निर्णय या ज्ञानावाचून घेणे धोक्याचे ठरेल.