गिरणींतील माणूस व कामाची मांडणी

विसरवाडीहून नवापूरवरून सुरतेकडे उतरणारा रस्ता पुढें अहमदाबादेच्या गिरण्यांपर्यंत पोहोंचतो. १९५३ सालीं पश्चिम खानदेशांतील हें गांव आणि तें गिरण्यांचें शहर एकाच मुंबई राज्यांत मोडत होतें. त्याच वर्षीं अहमदाबादेच्या कॅलिको गिरणीचे चालक गौतम साराभाई यांच्या बोलावण्यावरून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेंतील ए. के. राइस हे संशोधक तेथें आले. त्यांच्यापुढील प्रश्न दिसावयास साधा होता. कंपनीच्या ज्युबिली गिरणींत नवे स्वयंचलित माग बसविले होते. तरीहि उत्पादन अपेक्षेइतकें वाढेना आणि सदोष कापडाचें प्रमाण घटेना. असें कां व्हावें?

या प्रश्नाचें एक उत्तर पूर्वींपासून तयारच होतें. हिंदी कामगार खेड्याकडे ओढ असलेला, बेशिस्त; यंत्राची शिस्त त्याच्या स्वभावांतच नाहीं, असें पुष्कळ मालक व अधिकारी बिनदिक्कत म्हणत. मुंबईच्या मंडळींना हा सूर परका नाहीं. १९२८ सालीं दोन मागांऐवजीं तीन माग चालविण्याची सक्ती येऊं लागली, तेव्हां सुमारें दीड लाख गिरणीकामगार सहा महिने संपावर राहिले. त्यांचा हट्ट हाहि स्वभावदोषच ठरविण्यांत आला. वस्तुतः माणसाचें गिरणींतील वर्तन किती अंशीं बाहेरच्या रचनेनें घडतें, याचा पुरावा त्याच गिरण्यांत होता. धोट्याच्या छिद्रांतून सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, म्हणून विटाळाची सबब पुढें करून अस्पृश्य कामगारांस अधिक मजुरीच्या विणकामखात्यांत प्रवेश नाकारला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं संपाच्या वेळीं हा अन्याय संपपुढाऱ्यांपुढें मांडला. एका छिद्रामुळें हजारों माणसांच्या लायकीचा निकाल लागत होता, आणि तरी दोष स्वभावाचा म्हणावयाचा!

राइस यांनीं स्वभावाची चिकित्सा बाजूस ठेवून कामाची मांडणी तपासली. त्या खात्यांत २२४ माग होते आणि त्यांवर २९ माणसें बारा प्रकारचीं कामें करीत. कोणी विणकर, कोणी कांड्या भरणारा, कोणी तुटलेले धागे सांधणारा, कोणी तेल घालणारा, कोणी केर काढणारा. कागदावर ही विभागणी मोठी शास्त्रशुद्ध दिसे. परंतु प्रत्येकाच्या वांट्याचे माग निरनिराळ्या संख्येचे होते. त्यामुळें एका विणकराचे मदतनीस दुसऱ्या विणकराच्याहि मागांवर गुंतलेले असत. धागे तुटले असतां हांक कोणास मारावी व ती प्रथम कोणी ऐकावी, हें ठरलेलेंच नव्हतें. माग स्वयंचलित झाले, पण माणसांचा मेळ तुटला. अशा ठिकाणीं चिडचीड आणि टाळाटाळ उत्पन्न होईल, तर त्यांत स्वभावाचा संबंध किती?

राइस यांनीं सुचविलें, कीं लहान लहान गट करावे, प्रत्येक गटाकडे मागांचा एक सलग समूह सोंपवावा आणि आंतील कामाची वांटणी गटानें आपल्या सोयीनें करावी. ही कल्पना खात्यांतील मुकादमांनीं व कामगारांनीं आनंदानें उचलली. गटांतील सोबतीहि त्यांनींच निवडले. आरंभीं चढउतार झाले. नंतर मात्र मागांची कार्यक्षमता, जी सरासरी ८० टक्के होती, ती ९५ टक्क्यांवर स्थिरावली, आणि सदोष कापड ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलें. माग तेच होते. १९५८ सालीं हा सर्व वृत्तांत राइस यांच्या ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

तो निर्विवाद राहिला असें मात्र नाहीं. नव्या मांडणीबरोबर मजुरीची पद्धतहि बदलली होती. मग सुधारणेचें श्रेय गटाला कीं पैशाला, असें टीकाकारांनीं विचारलें. आक्षेप वाजवी आहे. कामगाराच्या हातीं दोन पैसे अधिक पडत असतां त्याच्या समाधानाचें सारें श्रेय मनोविज्ञानानें घेणें, हा जरा घाईचा हिशेब होय. परंतु केवळ मजुरीनेंच सारें घडलें, असें म्हटल्यानें बारा तुकड्यांत विभागलेल्या कामाचा गोंधळ उलगडत नाहीं.

एरिक मिलर या दुसऱ्या संशोधकानें १९७० पर्यंतच्या स्थितीचा पुन्हां मागोवा घेतला. त्याचा लेख १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. एका खात्यांत गटपद्धति सतरा वर्षांनंतरहि जवळजवळ मूळच्या रूपांत नांदत होती. इतर ठिकाणीं मात्र गटांचा स्वाधीनपणा हळूहळू ओसरून काम जुन्या वळणावर गेलें होतें.