'मालिक' कोणाचा?

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली पडद्यावर आला. त्यातील 'ऐ मालिक' या हाकेने सुरू होणारे प्रार्थनागीत भरत व्यास यांनी लिहिले, वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केले आणि लता मंगेशकर यांनी गायिले. कालांतराने चित्रपट मागे पडला. गीत मात्र शाळांच्या परिपाठात जाऊन बसले. आमच्या गोंदियाच्या मुलखात, जेथे एकाच वर्गात मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी बसतात, तेथे तर ते सर्वांचेच झाले. ख्रिस्ती घरांतही ते रुळले आणि तेथूनच प्रश्न आला: विवाहाच्या वा अंत्यविधीच्या मिस्सेत ते का म्हणू नये? कोणी म्हणतात, सिनेमातले गाणे सिनेमापुरतेच. कोणी म्हणतात, देवाला हाक मारली ना, मग झाले तर! आम्हांला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. गीताचा अर्थ कवीच्या वा दिग्दर्शकाच्या मनात होता तेवढाच असतो काय, हे आधी पाहावयास हवे.

या गीताच्या मागे एक खरा इतिहास आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी आणि माणसात यावे, अशी कल्पना. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधील यहुदी कुटुंबात जन्मलेले अभियंते होते, आणि त्यांच्या पाठीशी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्याच मुलखात वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून चित्रपटाची कथा रचली. सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी यांची ती गोष्ट आहे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. तेथेच आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही त्याला लाभला. आपल्याच लोकांनी त्यात काहीतरी ओळखले होते, हे आज आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

राजस्थानचा कवी, कोकणचा संगीतकार, माणदेशचा कथाकार, कोल्हापूरचा दिग्दर्शक आणि कथेच्या मुळाशी एक यहुदी अभियंता. या गीताचा 'मालक' नेमका कोणाला म्हणावे?

आणि आता ते गीत आमच्या झाडीपट्टीत आणून ऐकावे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. गोंदिया त्याचाच भाग होता, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. या भागात ब्रिटिश अमलापासून मालगुजारी चालत आली. गावाचा मालगुजार म्हणजे गावाचा मालक. महसुलाच्या दफ्तरात तर 'मलिक मकबुजा' असा धारणेचा एक प्रकारच होता. जमीन, जंगल, तलाव यांवरचा हक्क त्या शब्दात सामावलेला असे, आणि वेठही. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने हे हक्क ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आले. भाताला पाणी देणारे गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. त्यांना लोक आजही 'मामा तलाव' म्हणतात. नवख्या माणसाला त्यात आईचा भाऊ दिसतो. वास्तविक 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

मालकी गेल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी हे गीत आले. ज्यांच्या बापजाद्यांनी मालकाच्या वाड्यापुढे मान खाली घालून उभे राहणे भोगले होते, त्यांच्या मुलांनी शाळेच्या पटांगणात ओळीने उभे राहून 'मालिक' ही हाक वर आकाशाकडे दिली. आपण सारे कोणा एकाचेच बंदे असू, तर शेजारच्या वाड्यातील माणसाचे बंदे नाही, हे त्या हाकेत आपोआप येते. भरत व्यासांच्या मनात भंडाऱ्याचे मालगुजार असण्याचे काही कारण नव्हते. तरी तो अर्थ खोटा ठरत नाही. शब्दाने तो येथल्या मातीतून उचलला. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे प्रभू येशूचे वचन मुखोद्गत असलेल्या ख्रिस्ती मुलाला तो अधिकच जवळचा वाटावा.

ख्रिस्तसभेला ही गोष्ट नवी नाही. ३८६ साली मिलान येथील बागेत, अंतःकरणाच्या ओढाताणीत रडत असलेल्या ऑगस्टिनच्या कानी शेजारच्या घरातून एका बालकाचा सूर आला: घे आणि वाच, असे ते पुनःपुन्हा गुणगुणत होते. मुलांच्या एखाद्या खेळात असे गाणे असते काय, हे त्याने आठवून पाहिले, आठवेना. त्याने ती देवाची आज्ञा मानली, पौलाचे पत्र उघडले आणि त्याचे आयुष्य पालटले. गाणाऱ्या बालकाला यातले काय ठाऊक होते? पुढे याच संताने 'कबुलीजबाब' ग्रंथाच्या बाराव्या भागात मोशेच्या शब्दांविषयी लिहिताना म्हटले आहे की, आपण मोशेच्या जागी असतो तर प्रत्येक वाचकाला त्याच्या कुवतीचे सत्य सापडावे असेच लिहिणे पसंत केले असते. योहानाच्या शुभवर्तमानात कयफाचा प्रसंग तर याहून धारदार आहे. प्रजेसाठी एकाने मरावे हा त्याचा सल्ला निव्वळ राजकारणाचा होता. योहान मात्र सांगतो की नकळत तो भविष्यवाणी करून गेला. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतानाही शब्दांनी सत्य वाहून नेले!

आपल्या मराठीतही फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आणि शब्द नव्या घरी नांदू लागला.

मात्र यावरून कोणताही अर्थ कोठेही चिकटवावा असे होत नाही. 'जन गण मन' हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायिले गेले. काही वृत्तपत्रांनी ते बादशहा पंचम जॉर्जच्या स्तुतीचे ठरविले. रवींद्रनाथांनी १९३७ साली पत्राने स्पष्ट केले की युगानुयुगांचा तो भाग्यविधाता कोणी जॉर्ज असूच शकत नाही. येथे कवीची साक्ष निर्णायक आहे, कारण शब्दच त्या अर्थाला साथ देत नाहीत. त्याच गीताला २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीताचा मान मिळाला, तेव्हा ईश्वरस्तुतीला एक नवा अर्थ जोडला गेला. तो मात्र शब्दांनी सहज पेलला. म्हणजे कवीला विचारावे, पण आधी शब्दांना विचारावे. संत ऑगस्टिनने आणखी एक कसोटी दिली आहे: ज्या अर्थाने देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीती वाढत नाही, तो अर्थ समजलाच नाही म्हणावे. 'ऐ मालिक' या कसोटीला उतरते, असे आमचे मत आहे.

तरीही मिस्सेचा प्रश्न उरतो. उपासनेतील गीत एका कुटुंबाच्या आठवणीसाठी नसते. ते सबंध मंडळीच्या मुखातून येते. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले, आणि त्याच प्रकरणात, गीतांचे शब्द मुख्यत्वे पवित्र शास्त्र व उपासनेच्या स्रोतांतून घ्यावेत असेही सांगितले. आपण बहुधा पहिले वाक्य लक्षात ठेवतो. या गीतात ख्रिस्ताचे नाव नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. ती त्याची उणीव नव्हे. सर्वांना एकत्र उभे करण्याचे त्याचे कामच वेगळे आहे. तेथे ख्रिस्ताचे नाव घातले असते तर शाळेच्या पटांगणातील निम्मी मुले गप्प झाली असती.

म्हणून आमच्या धर्मग्रामात आम्ही मार्ग ठरविला आहे. मिस्सेचे प्रवेशगीत आणि ख्रिस्तप्रसादाचे गीत स्तोत्रसंहितेतून वा मान्य गीतसंग्रहातूनच यावे. अंत्ययात्रा घरातून निघण्यापूर्वी अंगणात शेजारीपाजारी जमलेले असतात, त्यांत मिस्सेला कधीही न येणारे पुष्कळ असतात. तेथे कोणी हे गीत सुरू केले तर आम्ही थांबवीत नाही. सूर वर गेला तर खालून धरतो.